दोन बाऱ्या चुकल्या तर

रंजिता पाटील 'मी सहमत आहे' यावर बोट ठेवण्याआधी वरचा मजकूर वाचते. सगळा वाचते. शहाद्याला नवं सिम घ्यायला गेली तेव्हा दुकानदाराने तिच्यापुढे फोन धरला आणि "इथे दाबा" म्हणाला. ती वाचत बसली. मागची रांग आधी चुळबुळली, मग टेकली, मग रांगेतल्या दोघांनी चहा मागवला. वाचून झाल्यावर तिने एका कलमाचा अर्थ विचारला. दुकानदाराचे केस त्या धंद्यात पांढरे झाले होते, पण तिथे कलमं असतात हे त्याला त्या दिवशी कळलं. तेव्हापासून ती लांबून दिसली तरी तो सांगतो, "ताई, स्टॉक नाही."

यंत्रांबद्दल तिची मतं ठाम आहेत आणि विचारण्याची वाट पाहत नाहीत. मिक्सर घ्यायचा तर आधी उलटा करून पाहायचा. स्क्रू दिसले तर घ्यायचा. ज्याला स्क्रू नाहीत ते यंत्र नव्हे, मूर्ती आहे. तिला हळदकुंकू वाहावं, वापरायला घेऊ नये. बोललेलं ऐकणारा टीव्ही घरात आणायचं नवऱ्याच्या मनात होतं, तेव्हा ती म्हणाली की ऐकायला सासूबाई आहेत, तेवढ्या पुरेत. हे सासूबाईंनी, म्हणजे मंगलाबाईंनी, स्वतःच गावभर सांगितलं, आणि अभिमानाने.

लग्नाआधी रंजिता एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची. तिथली सगळी कॉम्प्युटरं एकाच चोरीच्या सीडीवर चालत. ऐन परीक्षेत एकाला व्हायरस लागला आणि तो साथीसारखा सगळ्यांना लागला. क्लासच्या मालकाने उपाय म्हणून तीच सीडी पुन्हा घातली. रंजिताने त्या आठवड्यात स्वतःच्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाकलं, शिव्या देत शिकली, आणि मग कधी मागे गेली नाही. यात तत्त्वज्ञान फारसं नव्हतं. आतलं काय चाललंय ते उघडून पाहता येतं, एवढंच तिला आवडलं. स्क्रू होते.

लग्न होऊन ती तापीकाठी आली, प्रकाशा गावाच्या अलीकडे. घरात सासरे नथ्थू नाना, मंगलाबाई, नवरा धर्मेंद्र, आणि नदीवरून येणाऱ्या सामायिक पाइपलाइनवर पोसलेली केळी. नदीवर मोटर एक, भागीदार अकरा. ज्याची पाण्याची बारी असेल त्याने जाऊन मोटर चालू करायची. लाईट कधी येणार हे लाईटलाच माहीत, त्यामुळे अर्धं आयुष्य मोटरपाशी बसण्यात आणि उरलेलं 'तुझी बारी कालच झाली' या विषयावर जात होतं.

रंजिताने एक जुना फोन घेतला, एक छोटं सर्किट जोडलं आणि प्रोग्रॅम लिहिला. बारी कोणाची ते प्रोग्रॅम ठरवी, लाईट आली की त्याला फोन करी, त्याने एक आकडा दाबला की मोटर चालू. नाव ठेवलं 'बारी'. भागीदारांनी दोन दिवस कौतुक केलं. मग नथ्थू नानांनी ओट्यावर बसल्या बसल्या विचारलं, "मयत व्हयनी तं तुन्हं यंत्र काय करी?"

प्रश्न वाजवी होता. या पाइपलाइनवर पहिल्यापासून रीत अशी की भागीदारांपैकी कोणाच्या घरी मयत झाली तर दहावा होईपर्यंत त्या घरचा माणूस शेतात जात नाही. त्याची बारी त्याच्या शेजाऱ्याकडे जाते, आणि शेजारी त्या पाण्यात आधी त्याचं शेत भरतो, मग आपलं. हे कुठे लिहिलेलं नाही. पण यंत्राला न लिहिलेलं कळत नाही, म्हणून रंजिताने लिहिलं: एखाद्याने लागोपाठ दोन बाऱ्या चुकवल्या की बाकीच्यांना त्याचं नाव मेसेजने जावं आणि फोन करून विचारावं, त्याच्या घरी मयत आहे का. कोणी 'हो' म्हटलं तर बारी शेजाऱ्याकडे. चुकून दाबलं गेलं तर कोणतेही दोन भागीदार ते परत उलटवू शकतात.

प्रश्न विचारायला आवाज हवा होता. यंत्राच्या आवाजात मयत विचारणं बरं नव्हे, असं नानांचं मत. म्हणून मंगलाबाईंना चुलीपासून उठवून फोनपुढे बसवलं. त्या म्हणाल्या, "ह्या भाऊन्या दोन बाऱ्या चुकन्यात. त्यासना घर मयत शे का? व्हई तं एक दाबा." आणि रेकॉर्डिंग अजून चालू आहे हे न कळून, "झायं का वं रंजिता? दूध उतू जाई ऱ्हायनं."

शेवटचं वाक्य ती कापणार होती. भागीदारांनी कापू दिलं नाही. शांतीलालभाऊ, ज्यांचं शेत नानांच्या बांधाला लागून आहे, म्हणाले, "ऱ्हाऊ दे. मयतनी बातमी ऐकीसन घाबरणारा माणूस दूध ऐकीसन जमीनवर येस."

प्रोग्रॅम तिने जगापुढे उघडा ठेवला, जिथे देशोदेशीचे लोक आपले प्रोग्रॅम ठेवतात तिथे. सोबत परवाना जोडला. तो कसला, हे नानांनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, गावच्या लग्नाच्या भांड्यांसारखं. कोणीही न्यावं, वापरावं, हवं तर भाड्याने द्यावं. पण पातेल्याला नवा कान बसवला तर तो कान पातेल्याबरोबरच पुढच्याकडे जातो, घरी ठेवता येत नाही. आणि काठावरचं नाव कानस घेऊन घासायचं नाही.

"एवढंच शे तं इतलं इंग्रजी कसाले?" नाना म्हणाले. परवाना लिहिणाऱ्यांना हा प्रश्न कोणी आधी विचारला नसावा.

यानंतर काही वर्षं काही घडलं नाही, आणि यंत्राच्या बाबतीत यापेक्षा मोठी स्तुती नाही.

मग एका होळीनंतर रंजिताचा फोन वाजला. अनोळखी माणूस, शाळेतली सावकाश मराठी.

"ताई, तुम्ही रंजिता का?"

"हो. कोण?"

"दूध उतू गेलं का मग?"

तो सुरुपसिंग होता, सुरुपसिंग वसावे, खापरजवळच्या एका पाड्यावरचा. त्यांच्या सामायिक विहिरीवर पुण्याच्या एका कंपनीने अनुदानातून पेटी बसवून दिली होती. चकचकीत, सीलबंद, वर कंपनीचं नाव. बारी सांगायची, फोन करायची, सगळं शिस्तीत. होळी आली. सुरुपसिंगच्या बांधाचा शेजारी जालमसिंग नवस फेडायला काठी गावच्या होळीला गेला, आणि काठीहून पुढच्या गावच्या होळीला, तिथून त्याच्या पुढच्या. अंगावर राखेचे ठिपके, डोक्याला मोरपिसांचा टोप, कमरेला भोपळे आणि घुंगरं. अशा माणसाला बारी आठवत नाही, आठवूही नये. दोन बाऱ्या चुकल्या. आणि पाड्यावरच्या प्रत्येक भागीदाराच्या फोनवर जालमसिंगचं नाव आलं, पाठोपाठ एका अनोळखी म्हातारीचा फोन, अहिराणीत, मयत आहे का विचारणारा आणि शेवटी कोणा रंजिताला दुधाचं सांगणारा. त्या नावाचा माग काढत, विचारत विचारत सुरुपसिंगने हा नंबर मिळवला होता.

"मयत एवढं कळलं," सुरुपसिंग म्हणाला. "एकाने घाबरून एक दाबलं. मग सगळे जालमसिंगच्या घरी. त्याची आई फुलीबाई लाकडं फोडत होती. आम्ही जाऊन रडायला सुरुवात केली, तर ती विचारते कोण गेलं. आम्ही म्हणालो तुझा मुलगा. तेवढ्यात घुंगरं वाजली आणि तो आला."

"मग?"

"मग काय. त्याने विचारलं कोण गेलं."

रंजिता हसली नाही, कारण तिला पुढचं दिसलं होतं. प्रोग्रॅम तिचा होता. कंपनीने पडद्यावरचं सगळं बदललं, नाव बदललं, पण दोन बाऱ्या चुकल्यावर काय होतं हे त्यांनी कधी पाहिलंच नसावं. ऑफिसात बारी चुकवणार कोण. म्हणून मंगलाबाई आत राहून गेल्या होत्या.

"ते उलटवता येतं," ती म्हणाली. "कोणत्याही दोघांनी..."

"नाही येत. कंपनीचा माणूसच उलटवू शकतो, असं लिहून येतं. कंपनीला फोन केला तर बाई सांगते, आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. मी ऐकत बसतो. ती खोटं बोलत नसेल. पण जालमसिंगचा भुईमूग वाळतोय. पेटीच्या मते तो मेलाय, त्याची बारी माझ्याकडे आली."

नाना ओट्यावरून ऐकत होते. त्यांनी फोन मागून घेतला. "त्यानी बारी तुन्हाकडे उनी ना? मंग भर ना भो त्यानं वावर. मयत असो नहीतर होळी, पीकले काय समजस?"

"बरं नाना," सुरुपसिंग म्हणाला. "अशी रीत आहे होय. पेटीने सांगितली नाही." आणि मग रंजिताला, "भुईमूग मी भरतो. पण ताई, विहीर आम्ही खोदली. त्या विहिरीवरच्या पेटीने आमच्यात कोण मेलं ते ठरवायचं, आणि ते पुसायला मी पुण्याला विनंती करायची?"

"नाही करायची," रंजिता म्हणाली. "मी बदलून देते."

फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं की हे तिला देता येणार नव्हतं. स्वतः लिहिलेला प्रोग्रॅम, आणि त्याला स्क्रू नव्हते. सील तोडलं तर अनुदान परत. कंपनीने त्यात काय काय बदललं ते पाहिल्याशिवाय हात घालणंही शहाणपणाचं नव्हतं. पण शब्द गेला होता, आणि रंजिताचा शब्द म्हणजे तिने सगळं वाचून केलेली सहमती असते.

तिने कंपनीला लिहिलं. परवान्याचं कलम दिलं: ज्याला पेटी दिली त्याने मागितलं की प्रोग्रॅमही द्यायचा, बदलांसकट, आणि नवा प्रोग्रॅम पेटीत घालायची वाट मोकळी ठेवायची. उत्तर आलं की तिचा अभिप्राय मोलाचा आहे. तिने पुन्हा लिहिलं. पुन्हा मोलाचा ठरला. तिसऱ्या वेळी मोल जरा जास्त ठरलं असावं, कारण पांढऱ्या गाडीतून भाग्येश आला.

भाग्येश कंपनीत या भागाचं काम पाहायचा. नम्र पोरगा होता, चप्पल बाहेर काढून बसला, मंगलाबाईंच्या पाया पडला, चहा बशीत ओतून प्यायला. ओट्यावर भागीदार जमले होते. त्याने कागद पुढे केला. रंजिताने एवढं लिहून द्यायचं की प्रोग्रॅम तिने कंपनीला दिला. त्या बदल्यात गावाला नवा कोरा स्टार्टर, आणि नंदुरबारच्या कृषी प्रदर्शनात शाल, श्रीफळ, पाहुण्यांच्या हस्ते सत्कार.

नवा स्टार्टर गावाला हवा होता. जुना धूर काढत होता, व्होल्टेज जरा खाली गेलं की मोटर गुणगुणत बसे, आणि उन्हं चढत होती.

"तुम्ही वाचलं होतं का?" रंजिताने विचारलं.

"काय मॅडम?"

"प्रोग्रॅमच्या सुरुवातीला लिहिलंय ते."

"मॅडम," भाग्येश मनमोकळं हसला, "ते कोण वाचतं?"

शांतीलालभाऊंनी भाग्येशकडे अशा नजरेने पाहिलं, जशा नजरेने माणूस दुसऱ्याच्या पायाखालच्या विंचवाकडे पाहतो.

"मी वाचते," रंजिता म्हणाली. मग तिने कंपनीचा कागदही वाचला, सगळा, त्यात दुसरा चहा झाला, आणि घडी घालून परत दिला. "पेट्या विका. जास्त किमतीला विका, माझं काही म्हणणं नाही. पण सुरुपसिंगभाऊंना प्रोग्रॅम द्या आणि कुलूप काढा. मी सही करणार नाही. मी केली तर उद्या इथली मोटरसुद्धा तुम्हाला विचारून चालेल."

गाडी गेल्यावर शांतीलालभाऊ म्हणाले, "सही करी टाकनी व्हती ना माय. केळी वाळी जाई."

"भाऊ, पातेल्यावरचं नाव घासलेलं चाललं असतं का तुम्हाला?"

"पातेलं येगळं. पातेलंवर मन्हा बापनं नाव शे."

"यावर आईंचा आवाज आहे."

शांतीलालभाऊ उठून घरी गेले, पण उठून जाणं आणि पटणं यात फरक असतो. त्या आठवड्यात भागीदारांनी रंजिताशी कामापुरतंच बोलणं ठेवलं. धर्मेंद्र एरवीही कमी बोलणारा. त्याने स्टार्टर उघडला, पॉलिश पेपरने काँटॅक्ट घासले, पुन्हा बंद केला. "निभेल थोडे दिवस," म्हणाला. रंजिताने त्याचा अर्थ तिला हवा तसा घेतला, आणि तो बरोबर निघाला.

प्रदर्शनाला ती सत्काराशिवाय गेली. सोबत मंगलाबाई. खापरहून सुरुपसिंग आणि जालमसिंग. कंपनीच्या स्टॉलवर पेटी मांडली होती, पुढे ओळीने पाच फोन, पाच काल्पनिक शेतकरी. पाहुण्यांना लगेच दिसावं म्हणून बाऱ्या मिनिटामिनिटाच्या. भाग्येश गर्दीला समजावत होता. प्रत्येकाच्या हाती एकेक फोन देऊन, तुमची बारी आली की दाबा.

एक फोन जालमसिंगच्या हाती आला. त्याची बारी आली. त्याने फोनकडे पाहिलं आणि काही केलं नाही.

"दाबा काका," भाग्येश म्हणाला.

"मी होळीला गेलोय," जालमसिंग म्हणाला.

बारी एक फेरा घेऊन परत आली. तो अजून होळीलाच होता. मग उरलेले चारही फोन एकदम वाजले, पुढे उभ्या असलेल्या शेतकऱ्यांनी ते उचलले, स्पीकर आधीच लावलेला होता, आणि चारी बाजूंनी मंगलाबाईंनी विचारलं की ह्या भाऊच्या घरी मयत आहे का. मग चारही फोन म्हणाले, "झायं का वं रंजिता? दूध उतू जाई ऱ्हायनं."

"ते दूध तव्हयच उतू गयं, भाऊ," मंगलाबाई पुढे होऊन म्हणाल्या. "आते काय विचारतस?"

तोच आवाज पाचव्या बाजूने आल्यावर लोकांना कळायला वेळ लागला नाही. हसू मागच्या रांगेपर्यंत गेलं. भाग्येशचे कान लाल झाले. रंजिताने भाषण केलं नाही. सुरुपसिंगने खिशातून एक कागद काढून टेबलावर ठेवला: परवान्याची मराठी, रंजिताने केलेली, खाली पाड्यावरच्या भागीदारांच्या सह्या आणि अंगठे. "पेटी आमच्याकडे आहे," तो म्हणाला. "आतलं पण द्या."

भाग्येशने कागद उचलला. आणि वाचला. पहिल्या ओळीपासून, सगळा. गर्दी थांबली, मागच्यांनी चहा मागवला. "वरती विचारून सांगतो," तो शेवटी म्हणाला, आणि या वेळी हसला नाही.

"विचारा," रंजिता म्हणाली. "आम्ही बसतो."

ते बसले. प्रदर्शन चालू होतं तोवर रोज येऊन, स्टॉलच्याच खुर्च्यांवर. कोणाला अडवलं नाही, घोषणा दिल्या नाहीत. मंगलाबाई घरून शेंगा आणून सोलत बसायच्या. येणारे-जाणारे त्यांनाच पेटीबद्दल विचारू लागले, आणि त्या चांगली माहिती देत: मोटर चालू होस, बारी समजस, पण बिघडनी तं पुनाले जावं लागस. पहिलं ऐकून लोक पुढे सरकत, दुसरं ऐकून मागे. भाग्येश हे दिवसभर पाहायचा आणि संध्याकाळी वरती कळवायचा. एकदा तो हळूच रंजिताला म्हणाला, "मॅडम, खरं सांगू, तुमचा प्रोग्रॅम चांगला लिहिलाय."

"माहीत आहे," ती म्हणाली. "तुम्ही काय बदललंत ते बघायचंय."

शेवटच्या दिवशी मांडव सुटत असताना तिच्या फोनवर लिंक आली. प्रोग्रॅम होता, बदल होते, कुलपाची किल्ली होती, आणि सुरुवातीला कंपनीने घासलेली नावं परत आली होती. सोबत पत्र होतं की खुलेपणा हे कंपनीचं पहिल्यापासूनचं मूल्य आहे. रंजिताने तेही सगळं वाचलं.

बदल पाहताना ती एका जागी थांबली. व्होल्टेज पडलं की मोटर आपोआप थांबवून, सुधारलं की दमाने पुन्हा चालू करण्याची युक्ती कंपनीच्या कोणा इंजिनिअरने लिहिली होती. सुरेख लिहिली होती. तिने ती गावच्या 'बारी'त घेतली, आणि धर्मेंद्रने घासलेला जुना स्टार्टर त्या उन्हाळ्यात धूर न काढता चालला. केळी उभी राहिली. मग तिने नावांच्या ओळीत, स्वतःच्या, नानांच्या आणि मंगलाबाईंच्या खाली, कंपनीचं नाव घातलं.

शांतीलालभाऊंना हे समजलं तेव्हा ते ओटा चढून आले. "त्यासनं नाव? ज्यासनी तुन्हं नाव घासं?"

"कान चांगला बसवलाय त्यांनी, भाऊ."

ते बसले. चहा घेतला. जाताना नानांना म्हणाले, "तुम्हनी सून जड शे," आणि ते तक्रारीच्या सुरात नव्हतं.

खापरच्या पेटीतला प्रश्न पाड्यावरच्या लोकांनी स्वतः बदलला. रंजिताने कुठे हात घालायचा तेवढं फोनवर सांगितलं. आता तिथे फुलीबाई विचारते, भिलीत: घरी मयत असेल तर एक दाबा, होळीला गेला असेल तर दोन. दोन दाबलं तरी बारी शेजाऱ्याकडेच जाते, आणि आधी कोणाचं शेत भरायचं हेही फुलीबाई सांगते, कारण मागच्या वेळी पेटीने ते सांगितलं नव्हतं. तिचं बोलणं संपता संपता मागे कोंबडा ओरडतो. कापून देऊ का, असं रंजिताने विचारलं होतं.

"राहू द्या," सुरुपसिंग म्हणाला. "ओळख पटायला बरं."

पुढच्या होळीला जालमसिंग पुन्हा काठीला गेला. दोन बाऱ्या चुकल्या, पाड्यावर फोन वाजले, कोंबडा ओरडला. सुरुपसिंगने दोन दाबलं, फावडं उचललं आणि जालमसिंगच्या भुईमुगाचा व्हॉल्व्ह उघडायला निघाला.